आधी पाहुणा, मग सेवक

१९३७ च्या जुलैत जपानने चीनवर मोठी चढाई केली. त्याच वर्षाच्या अखेरीस चिनी कम्युनिस्टांच्या 'एट्थ रूट आर्मी'चे सेनापती झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना एक पत्र लिहिले. जखमी सैनिकांची रीघ लागली आहे, डॉक्टर नाहीत, औषधे नाहीत, शस्त्रक्रियेची उपकरणे नाहीत; भारताकडून काही मदत होईल का, अशी त्या पत्रातली विनवणी होती. हे पत्र लिहिले जावे म्हणून अ‍ॅग्नेस स्मेडली या अमेरिकन पत्रकार बाईंनी पाठपुरावा केला होता. विचारणा होत होती ती स्वतःच पारतंत्र्यात असलेल्या देशाला. तरीही पुढच्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जाहीर आवाहन केले आणि लोकांनी वर्गणी दिली. बावीस हजार रुपये आणि एक रुग्णवाहिका जमली, पाच डॉक्टर पुढे आले. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' या बोटीने ते मुंबईहून निघाले.

या पाचांचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने रुग्णसेवा करून ते परतले होते, म्हणजे युद्धभूमीची सवय असलेले ते एकटेच. डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी कलकत्त्याचे. डॉ. चोळकर नागपूरचे. आणि पाचवे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, वय सत्तावीस, मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन पुढच्या शिक्षणाच्या तयारीत असलेले.

कोटणीसांचे नाव मराठी माणसाला ठाऊक आहे. रस्त्यांना, स्मारकांना ते दिलेले आहे. पण परदेशी सेवेला गेलेल्या माणसांच्या आठवणींकडे कसे पाहावे हे ठरवायचे असेल, तर त्यांची कथा नव्याने वाचावी लागते, आणि ती त्यांच्या मोठेपणाच्या बाजूने नव्हे, त्यांना वाटेत भेटलेल्या माणसांच्या बाजूने वाचावी लागते. या प्रस्तावनेचा सारा रोख तिकडेच आहे. परमुलखात मदत करायला गेलेल्या माणसाला आधी मदत घ्यावी लागते. अन्न, निवारा, वाट दाखवणारा, भाषा शिकवणारा, धोका कुठे आहे ते सांगणारा, हे सगळे त्याला यजमानाकडून मिळते. त्यानंतर कुठे त्याच्या हातून काही देणे घडते. आणि आठवणी लिहिल्या जातात तेव्हा देणाऱ्याचे नाव ठळक उमटते. ज्याने आधी दिले तो 'एक म्हातारी', 'एक वाटाड्या', 'गावातले लोक' एवढाच उरतो.

१७ सप्टेंबर १९३८ ला हे पथक ग्वांगजौला, म्हणजे तेव्हाच्या कॅंटनला उतरले. स्वागताला सुन यत्-सेन यांच्या पत्नी सूंग चिंग-लिंग होत्या. जेमतेम महिना उलटला आणि ग्वांगजौ जपान्यांच्या हाती गेले. त्याच ऑक्टोबरात वुहानही पडले. मागे हटणाऱ्या देशाबरोबर हे पाच डॉक्टरही आत आत सरकत गेले. चुंगकिंगला असताना कोटणीसांना सोलापूरहून वडील गेल्याची बातमी कळली. परत जाण्याची मुभा होती. ते गेले नाहीत. तिथेच शांतिनिकेतनच्या चीना भवनाचे प्रमुख तान युन-शान यांनी पाचही जणांना चिनी नावे दिली. कोटणीस झाले 'के दिहुआ'. आजही चीनमध्ये त्यांना याच नावाने ओळखतात.

१९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. पिवळ्या मातीच्या डोंगरकड्यांत कोरलेल्या गुहांमध्ये माणसे राहत, शाळा भरत, आणि रुग्णालयही तिथेच चाले. मुखर्जी आणि चोळकर त्याच वर्षी भारतात परतले, प्रकृती बिघडल्यामुळे अटलही १९४० मध्ये परतले. हे इथे मुद्दाम सांगायला हवे, कारण जे लवकर परतले त्यांच्याकडे इतिहासाने पाठ फिरवली. चोळकरांचे नाव आज नागपुरात किती जणांना आठवत असेल? बोटीवर चढण्याचे धाडस पाचांचेही सारखेच होते.

कोटणीस राहिले आणि शिकू लागले. त्यांची डॉक्टरी पदवी तिथे पोहोचताक्षणी अर्धीच उपयोगाची होती. रुग्ण कुठे दुखते ते सांगतो आहे आणि डॉक्टरला कळत नाही, अशा जागी शस्त्रक्रियेचे कौशल्य एकटे काय करणार? त्यांनी चिनी बोलायला शिकून घेतले, मग लिपी शिकली, आणि अखेर विद्यार्थ्यांना चिनीतूनच शल्यचिकित्सा शिकवू लागले. शिकवण्यासाठी पाठ्यपुस्तकही लिहायला घेतले. ही भाषा त्यांना कोणी शिकवली? सोबतच्या परिचारकांनी, दुभाष्यांनी, जखमी शेतकरी सैनिकांनी आणि ज्यांच्या घरी ते उतरत त्या बायाबापड्यांनी. त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठेच नोंदलेली नाहीत.

एक भेट तर झालीच नाही, आणि तरी तिने कोटणीसांच्या आयुष्याला वळण दिले. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून १९३८ च्या आरंभी चीनमध्ये आले होते. त्याआधी स्पेनमध्ये त्यांनी रक्ताच्या बाटल्या गाडीतून थेट आघाडीवर नेऊन जखमींना रक्त देण्याची व्यवस्था उभी केली होती. चीनच्या डोंगराळ आघाडीवर फिरते शस्त्रक्रिया पथक खेचरांच्या पाठीवरून त्यांनी चालवले. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, जखमेत विष भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला त्यांचा अंत झाला. अटल, बसू आणि कोटणीस याच आघाडीकडे निघाले होते. ते पोहोचले तेव्हा बेथ्यून उरले नव्हते. उरले होते त्यांचे काम, त्यांनी तयार केलेले विद्यार्थी आणि त्यांच्या नावाने उभे राहिलेले रुग्णालय. १९४१ च्या जानेवारीत त्या 'बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालया'ची सूत्रे कोटणीसांच्या हाती आली. जपानी वेढ्यामुळे औषधे मिळेनाशी झाली होती, रुग्णालय एका गावातून दुसऱ्या गावात हलवावे लागे, आणि प्रत्येक वेळी ते हलवून नेणारे, रुग्णांना घरांत लपवणारे, स्ट्रेचर खांद्यावर घेऊन डोंगर चढणारे हात गावकऱ्यांचे असत. हबेई प्रांतातल्या तांग तालुक्यातले गगुंग हे अशांपैकी एक गाव.

बेथ्यून यांच्या समाधीच्या उद्घाटनाला १९४० मध्ये गुओ चिंगलान ही परिचारिका आणि नर्सिंगची शिक्षिका हजर होती. तिथे तिने कोटणीसांना पहिल्यांदा पाहिले. परदेशी डॉक्टर चिनीत बोलतो आहे, याचेच तिला नवल वाटले होते. पुढे दोघे एकाच संस्थेत काम करू लागली. २५ नोव्हेंबर १९४१ ला त्यांचे लग्न झाले. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ. कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते, अतिश्रमाने ते वाढत गेले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी ते गेले. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी या कथेवर १९४४ मध्ये पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. कोटणीसांचे काम त्यांनी स्वतः केले, चिंगलानचे जयश्रीबाईंनी. चित्रपटाने मोठे काम केले यात शंका नाही. ते नाव घराघरांत पोहोचले ते त्यामुळेच. मात्र त्या काळी आपल्या प्रेक्षकांसमोर आलेली ही कथा निघालेल्याची होती, ज्यांनी त्याला आपले म्हटले त्यांची नव्हती. गुओ चिंगलान यांचे आयुष्य कोटणीसांनंतर जवळजवळ सत्तर वर्षे चालू राहिले. मुलगा यिनहुआ वैद्यकशास्त्र शिकत असताना १९६७ मध्ये गेला. त्या अनेकदा भारतात आल्या, कोटणीस कुटुंबीयांना भेटल्या, दोन्ही देशांमधले संबंध ताणलेले असतानाही सासरचे नाते त्यांनी सोडले नाही. कोटणीसांबरोबरच्या दिवसांच्या आठवणी त्यांनी स्वतः लिहून ठेवल्या. २०१२ मध्ये त्या वारल्या. यजमानाच्या बाजूने लिहिले गेलेले असे पुस्तक या विषयात दुर्मिळच, आणि म्हणूनच ते मोलाचे.

बसूंची गोष्ट वेगळीच आहे. १९४३ मध्ये ते भारतात परतले. पण १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा चीनला गेले, या वेळी विद्यार्थी म्हणून. तिथे त्यांनी अ‍ॅक्युपंक्चर शिकून घेतले आणि कलकत्त्यात त्या उपचाराचा पाया घातला. भारतात ही विद्या रुजली तिच्या मुळाशी बसूंचे हे शिकणे आहे, आणि कोटणीसांच्या नावाने काम करणाऱ्या समितीच्या दवाखान्यांतून ती गोरगरिबांपर्यंत गेली. ज्या देशाला आधुनिक वैद्यक द्यायला गेले, त्या देशाकडून जुने वैद्यक घेऊन आले. इतका सरळ हिशेब क्वचितच जुळतो.

आता उलट दिशेने आलेली माणसे पाहू.

पियर सेरेसोल हा स्विस अभियंता. त्याचे वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते, आणि हा मुलगा सैन्यासाठीचा कर भरायला नकार देऊन तुरुंगात जाणारा. पहिल्या महायुद्धात व्हेर्दूंच्या रणांगणाजवळचे एन हे फ्रेंच गाव जमीनदोस्त झाले होते. १९२० मध्ये सेरेसोल मोजके सोबती घेऊन तिथे गेला. तोफगोळ्यांचे खड्डे बुजवायचे, शेते साफ करायची, राहण्यापुरते निवारे बांधायचे. सोबत्यांत जर्मनही होते. ज्यांच्या तोफांनी गाव उडवले त्यांच्याच देशाची माणसे हातात फावडे घेऊन आली होती. गावकऱ्यांना हे पचणे सोपे नव्हते आणि काही महिन्यांत काम आवरते घ्यावे लागले. तरी त्यातूनच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही चळवळ उभी राहिली. सैन्यात जशी माणसे गावोगावहून बोलावली जातात तशी ती श्रमासाठी बोलवावीत, ही तिची मूळ कल्पना.

१९३१ मध्ये गांधीजी लोझानला गेले तेव्हा सेरेसोल त्यांना भेटला होता. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला. मुंगेर, मुझफ्फरपूर, दरभंगा या भागांत घरे कोसळली, जमिनीला भेगा पडून त्यांतून वाळू वर आली, पिकाऊ शेते वाळूखाली गेली, जमिनीची पातळी बदलल्याने पुराचे पाणी नव्या ठिकाणी शिरू लागले. हजारो माणसे मेली. मदतकार्याची धुरा राजेंद्रप्रसादांकडे होती. पन्नाशी ओलांडलेला सेरेसोल तिथे आला, परिस्थिती पाहून गेला आणि पुन्हा सोबती घेऊन आला. मुझफ्फरपूरच्या परिसरात पुराच्या पाण्यापासून दूर, उंचवट्यावर नवी गावे वसवण्याचे काम त्यांनी हाती घेतले. एकीकडे इंग्रज सरकार आणि दुसरीकडे काँग्रेसची मदत समिती, दोघांशीही बोलून काम पुढे न्यायचे होते. त्या काळात हेच एक मोठे काम होते.

इथेही भेटींचा विचार केला की वेगळे काही दिसते. मातीची पाटी डोक्यावर घेणे हे विशिष्ट जातींचेच काम समजणाऱ्या समाजात युरोपियन माणसे कुदळ घेऊन उतरली, याचा परिणाम भिंतींपेक्षा खोल झाला. पण ती उन्हात किती वेळ टिकली असती, पाणी कुठले प्यावे आणि विटा कशा भाजाव्यात हे सांगणारे कोणी नसते तर? सेरेसोलने स्वतः ही जाण ठेवली होती. तो उपकार करायला आल्यासारखा वागला नाही, शेजारी राबायला आल्यासारखा वागला, म्हणून तीन-चार वर्षांत पुनःपुन्हा येऊ शकला.

याच चळवळीचा धागा पुढे वरोऱ्याला पोहोचला. बाबा आमटे आणि साधनाताईंनी सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू केले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पहिल्या वर्षांत तिथली भाजी कोणी विकत घेत नसे; कुष्ठरुग्णांनी पिकवलेली म्हणून वरोऱ्याचे लोक तिला हात लावत नसत. पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धात 'सर्व्हिस सिव्हिल'चे देशोदेशींचे तरुण तिथे राहायला आले. त्यांनी इमारती बांधल्या, आणि रुग्णांनी पिकवले ते खाल्ले. ते पाहून गावाची भीती ओसरू लागली. इमारत बांधायला गवंडी वरोऱ्यातही मिळाले असते. जे मिळत नव्हते ते म्हणजे एका पंगतीला बसणारी माणसे. त्या तरुणांनी केलेली सर्वांत मोठी मदत ही बहुधा त्यांच्या मनातही नसलेली होती: ते जेवले. आणि जेवू घातले ते कुष्ठरुग्णांनी. कोण कोणाचा सेवक, हे तिथे सांगणे अवघड आहे.

व्हेरिअर एल्विन आणि शामराव हिवाळे यांची जोडी तर या विषयाला वाहिलेल्या कोणत्याही पुस्तकात पहिल्या पानावर शोभावी. ऑक्सफर्डचा एल्विन १९२७ मध्ये ख्रिस्त सेवा संघाचा सदस्य म्हणून पुण्यात आला, पंचविशीचा तरुण धर्मसेवक. तिथे त्याला शामराव भेटले, मराठी ख्रिस्ती घरातले. एल्विन साबरमतीला जाऊन आला, गांधीजींच्या प्रभावाखाली आला, इंग्रज सरकारच्या डोळ्यांत खुपू लागला. गोंडांमध्ये काम करावे असे त्यांना सुचवण्यात आले आणि १९३२ मध्ये हे दोघे मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी जाऊन राहिले. दवाखाना, शाळा, कुष्ठरुग्णांसाठी आसरा असे काम सुरू झाले. गावातले लोक एल्विनला 'बडा भाई' आणि शामरावांना 'छोटा भाई' म्हणत.

एल्विन पुढे जगप्रसिद्ध झाला. चर्चशी त्याने फारकत घेतली, १९३९ मध्ये बैगा जमातीवरचा त्याचा ग्रंथ निघाला, स्वातंत्र्यानंतर तो ईशान्येत सरकारचा सल्लागार झाला, १९५४ मध्ये त्याने भारताचे नागरिकत्व घेतले. ही सारी वाटचाल शामरावांशिवाय झाली असती असे मानणे कठीण आहे. आजारी माणसाची शुश्रूषा, सावकार आणि पोलिसांशी गावकऱ्यांचे तंटे, संस्थेचा रोजचा खर्च, हे शामराव सांभाळत. एल्विनबरोबर त्यांनी लोकगीतांचे संग्रह केले, परधान जमातीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि १९४६ मध्ये आपल्या मित्राचे चरित्रही लिहिले. पण मराठी वाचकाला एल्विन ठाऊक असतो, शामराव हिवाळे ठाऊक नसतात. परदेशातून आलेल्या माणसाची दखल घेताना त्याला इथे टिकवून धरणारा आपलाच माणूस आपण विसरलो, ही गोष्ट मनाला लागते. शामरावांचे मराठीतले सविस्तर चरित्र कोणीतरी हाती घ्यायला हवे.

इथवर सांगितलेल्या सगळ्या भेटींत एक गोष्ट समान आहे. येणारा माणूस दीर्घकाळ राहिला किंवा पुनःपुन्हा आला, आणि त्याला कोणीतरी बोलावले होते किंवा निदान कुणी दार उघडले होते. ज्या काळात ही माणसे गेली त्या काळात समुद्रप्रवासालाच काही आठवडे लागत. एवढ्या दूर जाऊन पंधरा दिवसांत परतणे शक्यच नव्हते. विमान स्वस्त झाले आणि हे बदलले.

बदलाची चाहूल सर्वांत तिखट शब्दांत दिली ती इव्हान इलिच यांनी. व्हिएन्नात जन्मलेले हे धर्मगुरू मेक्सिकोत क्वेर्नावाका इथे राहत. २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोच्या खेड्यांत उन्हाळी सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे ते बोलले. जमलेली मुले चांगल्या घरची, चांगल्या मनाची. इलिच यांनी त्यांना स्पष्टच सांगितले की तुमच्या सदिच्छांना इथे काही अर्थ नाही. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही, ते तुम्हाला काय म्हणतात हेही तुम्हाला कळणार नाही. या, पाहा, शिका, डोंगर चढा. पण मदत करायला येऊ नका. त्यांचे म्हणणे टोकाचे होते. ते पूर्ण मान्य केले तर कोटणीसांनाही बोटीवर चढता येणार नाही. मात्र भाषेचा जो निकष त्यांनी लावला तो बरोबर होता, आणि कोटणीस त्याच निकषावर उतरतात.

इलिच यांचा इशारा किती खरा होता ते कंबोडियात दिसले. २००५ नंतरच्या पाच वर्षांत तिथल्या अनाथाश्रमांची संख्या सुमारे पाऊणपटीने वाढली. २०११ मध्ये युनिसेफच्या मदतीने झालेल्या पाहणीत आढळले की या आश्रमांतल्या दर चारांतल्या जवळजवळ तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते. म्हणजे अनाथ वाढले नव्हते, आश्रम वाढले होते. परदेशी पर्यटक येत, काही दिवस मुलांशी खेळत, देणगी देत. ती देणगी चालू राहावी म्हणून गरीब आईबापांकडून मुले आणली जात. शिवाय ज्या मुलाला आठवड्याला नवा लळा लावला जातो आणि नवी ताटातूट सोसावी लागते, त्याच्या मनाचे काय होते याचा विचार सुट्टीवर आलेल्या माणसाला सुचत नाही. तो फोटो घेऊन घरी परततो. त्याच्या दृष्टीने ती अविस्मरणीय भेट असते. मुलाच्या दृष्टीने ती कितवी, हे विचारायला हवे.

म्हणून संस्मरणीय भेटींच्या आठवणी वाचताना भेट दोघांनाही संस्मरणीय होती का, हा प्रश्न मनात धरावा. एका बाजूची आठवण पुरत नाही.

या कसोटीवर विक्रोळीची एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी 'पीस कोअर' या स्वयंसेवक संघटनेची स्थापना केली आणि त्याच वर्षी तिचे स्वयंसेवक भारतात आले. १९७६ पर्यंत ते येत राहिले. १९६६ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या छोट्या गावातल्या एका विधवा परिचारिकेने दूरदर्शनवर जाहिरात पाहिली: स्वयंसेवकाला वयाची अट नाही. लिलियन कार्टर तेव्हा ६८ वर्षांच्या होत्या. त्यांनी अर्ज केला आणि त्यांची नेमणूक मुंबईत विक्रोळीला, गोदरेजच्या कामगार वसाहतीत झाली. काम आधी कुटुंबनियोजनाचे. ज्या घाईने आणि दडपणाने ते चालवले जाई ते त्यांना रुचले नाही. पुढे त्या वसाहतीच्या दवाखान्यात काम करू लागल्या आणि तिथे त्यांच्या परिचारिकेच्या अनुभवाला खरा वाव मिळाला. कुष्ठरोगाची भीती त्यांच्याही मनात होती. हा रोग झालेल्या एका लहान मुलीवर उपचार करताना आधी अंगावर काटा आला आणि हळूहळू ती भीती गेली, हे त्यांनी घरच्यांपासून लपवले नाही.

पीस कोअरचे मानधन तुटपुंजे असे आणि त्यांचे खाण्यापिण्याचे हाल होत. वसाहतीच्या बागेतला माळी त्यांना भाजी आणि फुले आणून देई. परतफेड म्हणून त्यांनी त्याच्या मुलीला लिहायला-वाचायला शिकवले. ही हकीकत त्यांचा मुलगा जिमी कार्टर यांनी आईवरच्या पुस्तकात सांगितली आहे. त्यात देवाणघेवाणीचा क्रम पाहावा: आधी माळ्याने दिले, मग बाईंनी. अमेरिकेतून आलेली बाई भुकेली आहे हे ज्याने ओळखले तो विक्रोळीतला एक माळी होता. वर्णभेदाच्या जॉर्जियात काळ्या शेजाऱ्यांची शुश्रूषा करून आलेल्या बाईंना ही शेजारधर्माची खूण ओळखता आली, आणि तिला पैशाने उत्तर देता येत नाही हेही कळले.

दोन वर्षांच्या या काळात घरच्यांना लिहिलेली त्यांची पत्रे १९७७ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. मुलगा तोवर राष्ट्राध्यक्ष झाला होता, म्हणूनच ती छापली गेली हे खरे. पण त्यांत राष्ट्राध्यक्षाची आई कुठे दिसत नाही. दिसते ती थकलेली, वैतागणारी, घरच्या पत्राची वाट पाहणारी आणि तरी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हजर होणारी म्हातारी. अशा पत्रांचे मोल समारंभासाठी लिहिलेल्या लेखांना कधीच येत नाही. लिहिताना बाईंना ठाऊक नव्हते की ही पत्रे जग वाचणार आहे.

२००६ मध्ये जिमी कार्टर स्वतः महाराष्ट्रात आले, लोणावळ्याजवळच्या पाटण गावी. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेच्या उपक्रमात जगभरातून आलेल्या स्वयंसेवकांबरोबर आठवडाभर विटा रचून त्यांनी शंभर घरे उभी करायला हातभार लावला. माजी राष्ट्राध्यक्ष थापी घेऊन उभा, शेजारी चित्रपटतारे, त्यामुळे वर्तमानपत्रांत मोठमोठे फोटो आले. अशा प्रसंगी एक आक्षेप हमखास येतो आणि तो रास्तही आहे: एवढ्या लोकांच्या विमानभाड्यात याहून कितीतरी अधिक घरे बांधता आली नसती का? गवंडी मावळात कमी नाहीत, त्यांना मजुरीही मिळाली असती.

नुसत्या विटांचा हिशेब मांडला तर आक्षेप टिकतो. पण या संस्थेची एक पद्धत त्या हिशेबात धरावी लागते. घर ज्या कुटुंबाचे, त्याने बांधकामात स्वतः राबायचे असते, आणि घराचा खर्च नफा न आकारता दिलेल्या कर्जातून हप्त्याहप्त्याने फेडायचा असतो. घर दान म्हणून मिळत नाही. त्यामुळे परदेशातून आलेला स्वयंसेवक ज्याच्या घराची भिंत चढवतो, तो त्याच्या शेजारी घमेले घेऊन उभा असतो आणि घर त्याच्या मालकीचे होणार असते. आठवडा संपल्यावर पाहुणे विमानात बसतात. कुटुंब तिथेच राहते, हप्ते फेडते, गळके छप्पर स्वतः दुरुस्त करते. पाटणच्या त्या आठवड्याचे फोटो आणि पाहुण्यांच्या आठवणी पुष्कळ मिळतात. त्या शंभर घरांतल्या माणसांना तो आठवडा कसा आठवतो, हे कोणी त्यांच्याच बोलीत लिहून घेतले तर या विषयावरच्या पुस्तकात ते प्रकरण सर्वांत आधी छापावे असे होईल. ती माणसे लोणावळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत.